बॉनेट उघडायचं नाही

हिंदुराव वस्तादांनी तो फाटलेला पाइप माझ्या उघड्या डब्याशेजारी आपटला. पाइपातलं तेल उडालं ते थेट भाकरीवर.

"हे बघ तुझं काम," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा झालं. आधी दोन कॉम्प्रेसर गेले, आता पाइप. गॅस भरतीस का पाणी?"

दुपारचा दीड वाजला होता. उद्यमनगरात त्या वेळी लेथ थांबतात, माणसं डबे उघडतात आणि एका शेडमधलं बोलणं चौथ्या शेडपर्यंत ऐकू जातं. वस्तादांना ते पक्कं ठाऊक होतं. वेळ निवडूनच आले होते.

मी पाइप उचलला. गाडीच्या एसीच्या कॉम्प्रेसरकडे जाणारा रबरी पाइप, बोटाएवढा जाड. एका बाजूला तो ठीकठाक होता आणि दुसऱ्या बाजूला करपलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुरकुतला होता.

"वस्ताद, हा आतनं फुटलेला नाही. बाहेरनं भाजलाय. माझ्या गॅसचा काय संबंध?"

"म्हणजे माझ्या इंजिनाचा दोष?"

"मी कुठं तसं म्हणतो? मी म्हणतो, भाजलाय."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'म्हणतो-करतो'च बोलतात. बाहेरच्यांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

हिंदुराव सुतार म्हणजे गाडी पळवायची हौस असलेल्या प्रत्येकाचं दैवत. सांगलीपासून निपाणीपर्यंत कुणालाही इंजिनातून जास्तीची ताकद काढायची असली की तो त्यांच्या गॅरेजात येई. आणि मी त्रिशला मगदूम. वडिलांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं, ते गेल्यावर मी ते गाड्यांच्या एसीकडे वळवलं. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या वस्तादांच्या गॅरेजातून यायच्या, आणि हेही त्या दुपारी डबे खात बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"त्या बिपिनला सांग, एसी काढून टाक म्हणावं," वस्ताद मोठ्यानं म्हणाले. "शर्यतीच्या गाडीत एसी कशापायी? वरातीला निघालाय का त्यो?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक, थांबायचं नाव न घेणारा. बिपिन शिंत्रे गाडीतून उतरून दुकानात येत नसे. उतरायचं म्हणजे आधी मागची घडीची चाकांची खुर्ची काढायची, उघडायची, मग अंग तिच्यावर टाकायचं. एवढ्यात समोरच्याची चार कामं होतात. म्हणून तो हॉर्न वाजवी आणि आम्ही सगळे त्याच्या खिडकीशी जाऊन उभे राहत असू.

सहा वर्षांपूर्वी तो मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवायचा. एका उडीत गाडी वर राहिली आणि हा खाली आला. तेव्हापासून छातीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं. वस्तादांनीच त्याला ही पांढरी गाडी तयार करून दिली होती: ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताच्या दांड्यावर, क्लच गिअरच्या मुठीतल्या बटणावर, आणि पुढे इंजिनाला जास्तीची ताकद देणारा टर्बो. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. तसं काम कोल्हापुरात दुसरं कुणी करू शकलं नसतं.

"वस्ताद, एसी काढायचा नाही," खिडकीतून बिपिन म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "काढायचा असला तर मलाच गाडीतनं काढा."

"आरं, पण वजन किती वाढतंय! इंजिनाची ताकद खातोय त्यो."

"खाऊ दे की."

मग तो माझ्याकडे वळला. "त्रिशलाताई, तुम्हाला एकदा नीट सांगतो. तुमच्या सगळ्या अंगाला घाम येतो. म्हणजे तुमचा रेडिएटर डोक्यापासनं पायापर्यंत आहे. माझा फक्त वरचा एक फूट चालतो. खाली घामच येत नाही. गाडीत तापलं की मी आतल्या आत शिजतो."

ही थट्टा नव्हती. आदल्या वर्षी एप्रिलमध्येच सराव करताना तो स्टिअरिंगवर मान टाकून बेशुद्ध पडला होता. चहावाल्यानं बघितलं म्हणून वाचला.

त्यानं डॅशबोर्डवरचं पाकीट माझ्या हातात दिलं. मोटर क्लबचं पत्र होतं. आठ दिवसांनी, रविवारी, कागलजवळच्या औद्योगिक वसाहतीत शर्यत होती. तिथे प्लॉट पडले होते, कारखाने यायचे होते आणि रस्ते मात्र आरशासारखे. पत्रात लिहिलं होतं की श्री. शिंत्रे यांची गाडी काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून, वीस मिनिटं उन्हात उभी करावी. आतलं तापमान सत्तावीस अंशांच्या वर गेलं तर त्यांना शर्यतीत उतरता येणार नाही.

"एप्रिलात? कागलच्या माळावर?" मी म्हटलं.

"त्यांना वाटतंय, जमणार नाही. म्हणून तर लिहिलंय."

मी त्याच संध्याकाळी नवा पाइप बसवला, गॅस भरला आणि वस्तादांच्या गॅरेजात नेहमीसारखी चाचणी घेतली. बॉनेट वर करून काठी लावली, गॅसचा दाब दाखवणारं गेज जोडलं, इंजिन चालू ठेवलं, आत गार हवा येते त्या जाळीत थर्मामीटरची सळई खोचली. सात अंश. दोन्ही काटे जागच्या जागी. वस्ताद तंबाखू मळत बाजूला उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

बिपिन स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. "ताई, मागच्या तिन्ही वेळेला असंच झालेलं. इथं बर्फ पडतो आणि रस्त्यावर भट्टी. तुम्ही कधी आत बसून बघितलंय काय?"

नव्हतं बघितलं. अकरा वर्षांत एकदाही नाही. गॅरेजात थंड झालं की माझं काम संपलं, असंच मी धरून चालले होते. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्याच्या शेजारी बसले. टेंबलाईवाडी, उजळाईवाडी, मग महामार्ग. थर्मामीटर माझ्या डोळ्यांसमोर जाळीत खोचलेला. आठ अंश, मग नऊ. गोकुळ शिरगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं आणि ट्रकांची रांग लागली होती. गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. दहा मिनिटांत तेरा. मग सतरा. मग जाळीतून येणारी हवा मला हातावर कोमट लागायला लागली.

"लिहून घ्या," बिपिन म्हणाला.

"एकोणीस. बिपिन, गाडी बाजूला घे."

"आणखी पाच मिनिटं."

मी त्याच्याकडे बघितलं. कपाळावरून, मानेवरून घाम धो धो वाहत होता. शर्टाची कॉलर भिजून काळी पडली होती. आणि तिच्या खाली, छातीपासून पुढे, शर्ट कोरडा ठणठणीत. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एकाच माणसाच्या अंगावर दोन ऋतू होते.

"बावीस झाले. बाजूला घे म्हणतो ना!"

"तुम्हाला आकडा पाहिजे का नको? नाहीतर परत गॅरेजात जाऊन म्हणाल, सात आहे."

मी पाण्याची बाटली काढून त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि स्टिअरिंगला हात घातला. तेव्हा कुठे त्यानं गाडी एका करंजाच्या झाडाखाली लावली. काचा खाली केल्या. मी तणतणत उतरले आणि हाताला सवय म्हणून पहिली गोष्ट काय केली, तर बॉनेट वर केलं. आतून भाताच्या कुकरचं झाकण काढल्यासारखा लोट आला. मी दोन मिनिटं तोंड बाजूला करून उभी राहिले आणि परत आत येऊन बसले.

थर्मामीटर पंधरावर आला होता.

मी बघत राहिले. बारा. दहा. मी कशालाही हात लावला नव्हता. गॅस तेवढाच, पाइप तोच, इंजिनही चालूच.

"काय झालं?" बिपिननं विचारलं. तो मान मागे टाकून डोळे मिटून बसला होता.

"काही नाही. मी अकरा वर्षं मूर्ख होतो."

आम्ही सगळेच होतो. कोल्हापुरातला एकही मेकॅनिक एसी तपासताना बॉनेट बंद ठेवत नाही. गेजचे पाइप आत जायचे असतात, हात घालायचा असतो, म्हणून पहिल्यांदा बॉनेट वर. आणि बॉनेट वर केलं की इंजिनाची धग निघून जाते, म्हणजे दुखणं जातं, मग आपण तपासतो आणि म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही. साध्या गाडीत हे खपून जातं. पण या गाडीत टर्बो होता. त्याचा लालबुंद होणारा पाइप एसीच्या कॉम्प्रेसरपासून जेमतेम तीन बोटांवरून जात होता. बंद बॉनेटखाली तो सगळं भाजून काढत होता. आणि मी शहाणी, दर वेळी थंड होत नाही म्हणून थोडा जास्तच गॅस भरत होते. त्यानं दाब आणखी वाढत होता. पहिल्या दोन कॉम्प्रेसरच्या मरणात माझाही हात होता, हे त्या झाडाखाली मला कळलं.

परतल्यावर मी तडक वस्तादांच्या गॅरेजात गेले. गेजचे पाइप बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यातून, वायपरच्या बाजूनं बाहेर काढले, ते चेमटू नयेत म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे लावले आणि बॉनेट धाडकन बंद केलं. गेज काचेवर ठेवलं.

"ही काय नवीन तऱ्हा?" वस्ताद म्हणाले.

"बघा तर खरं."

दोनशे तीसवरचा काटा सरकायला लागला. पाव तासात तीनशेवर गेला. गॅरेजातले मेकॅनिक पान्हे खाली ठेवून गोळा झाले. पावणेचारशेला कॉम्प्रेसर खट् करून बंद पडला.

"उन्हाळा हाय," वस्ताद म्हणाले.

"बॉनेट उघडल्यावर उन्हाळा पळून जातो काय?"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. ते हसू मला महागात पडणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी काय करायचं ते सांगितलं. टर्बोच्या पाइपावर धग अडवणारी पट्टी गुंडाळायची. तो आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा आडोसा, पण दोन बोटं हवा सोडून. एसीचा पाइप खालून वळवून लांब न्यायचा. पुढे रेडिएटरच्या कडेला ज्या फटी आहेत त्या बुजवायच्या, कारण गाडी उभी असली की मागची गरम हवा त्या फटींतून फिरून पुन्हा पुढे येते आणि तीच हवा पंखा परत ओढतो. आणि टर्बोच्या डोक्यावर बॉनेटला खाचा पाडायच्या, म्हणजे धग वरून निघून जाईल.

वस्तादांनी बाकी सगळं ऐकून घेतलं. खाचांपाशी त्यांचा चेहरा बदलला.

"माझ्या बॉनेटला करवत लावणार तू?"

"बॉनेट बिपिनचं आहे, वस्ताद."

"हातानं ठोकलंय म्या ते. महिनाभर. तू फ्रीजवाल्याची पोर, तू मला शिकवणार?"

"फ्रीजवाल्याचीच आहे मी. गार कसं ठेवायचं ते आमच्या घरात माहीत आहे. तापवायचं कसं ते तुमच्या."

वस्ताद माझ्या जवळ आले आणि अगदी हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "त्याला हात लावलास, तर माझ्याकडची एकबी गाडी तुझ्या दारात येणार न्हाई. ही बी आणि दुसरी बी."

मी घाबरले. सरळ सांगते, घाबरले. माझ्यापाशी दोन माणसं कामाला होती, आणि वस्तादांनी एकदा नाव टाकलं की उद्यमनगरात ते उचलायला कुणी पुढे येत नाही. मी बिपिनकडे बघितलं. तो खिडकीतून हात बाहेर टाकून बसला होता.

"कापा," तो म्हणाला.

"नको येऊ देत गाड्या," मी वस्तादांना म्हटलं.

त्या आठवड्यात माझ्याकडे खरंच एकही गाडी आली नाही. बरं झालं. वेळ मिळाला. दुकानाच्या मागे वडिलांच्या काळातले मोडके फ्रीज पडले होते. जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा चांगल्या जाड अ‍ॅल्युमिनियमचा असायचा. तीन कप्पे मी उलगडून सपाट केले आणि त्यांचाच आडोसा कापला. पहिल्यांदा घाईत तो सरळ इंजिनाच्याच बोल्टवर बसवला, आणि पाव तासात त्याचा तवा झाला. धग अडवण्याऐवजी कॉम्प्रेसरला शेकायला लागला. सगळं काढलं. दुसऱ्या वेळी तो गाडीच्या अंगाला अडकवला, इंजिनाला कुठेही न टेकता. फटींना स्पंजाच्या पट्ट्या चिकटवल्या. बॉनेटला खडूनं रेघा मारल्या तेव्हा हात जरा थांबला. महिनाभर ठोकलेलं काम ते, बोटांना कळत होतं. मग करवत चालवली.

शनिवारी भर उन्हात, बॉनेट बंद, अर्धा तास. काटा अडीचशेच्या पुढे गेला नाही. आत पंचवीस अंश. बिपिननं हॉर्न वाजवला, दोनदा, छोटासा.

रविवारी माळावर मंडप, स्पीकर, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, दोन-तीन हजार माणसं. आम्ही पोचतो न पोचतो तोच स्पीकरवरचा माणूस सुरू झाला: "जिद्दीचा महामेरू, कोल्हापूरचा ढाण्या वाघ, बिपिनदादा शिंत्रे!" चार कार्यकर्ते धावत आले. कुणी फेटा चढवला, कुणी नारळ मांडीवर ठेवला, आणि एकानं खिडकीतून आत वाकून त्याच्या खांद्यांवर लोकरीची शाल पांघरली. एकोणचाळीस अंश तापमानात. ज्या माणसाला छातीखाली घाम येत नाही त्याच्या अंगावर.

"ही बारावी," फोटो काढून झाल्यावर बिपिन मला म्हणाला. "पडल्यापासनं अकरा शाली झाल्या घरात. गणेश मंडळ, शाळा, बँक, कुणी सोडलं नाही. चालत होतो तेव्हा कुणी नारळ पण दिला नव्हता."

त्यानं फेटा काढला, शाल काढली आणि सगळं माझ्या हातात कोंबलं. तेवढ्यात पुण्याहून आलेले तपासणी प्रमुख मेहेंदळे आले. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात पाटी. सभ्य माणूस. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं.

"मॅडम, तुम्ही खूप मेहनत घेतली आहे, मी ऐकलं. असं करू या. चाचणीच्या वेळी बॉनेट उघडं ठेवा. मला चालेल, मी तसं लिहितो. आणि मग शिंत्रेंना एक मानाची फेरी मारू द्या. घड्याळ नको लावायला. सावकाश, हात हलवत. लोकांना किती बरं वाटेल!"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"आणि घड्याळ लावून?"

"आग्रह कशाला? एवढं होऊन माणूस इथवर आला, हेच मोठं नाही का?"

मी बिपिनकडे बघितलं. खिडकी उघडी होती, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो पुढे रस्त्याकडे बघत होता. बॉनेट उघडं ठेवलं तर चाचणी शंभर टक्के पार होणार होती. बंद ठेवलं तर काय होईल ते देव जाणे. शनिवारी ऊन दोन अंशांनी कमी होतं.

"बॉनेट उघडायचं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, मी तुमच्या सोयीसाठी—"

"शर्यतीत गाडी बॉनेट उघडं ठेवून पळते काय, साहेब? मग चाचणी पण तशी नको. आणि पार झाला तर घड्याळ लावायचं. पत्रात तसंच आहे."

बिपिननं काच वर केली. त्यांच्या बोलण्याचं उत्तर तेवढंच.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चाचणी सुरू झाली. मेहेंदळ्यांनी आपला थर्मामीटर आत आरशाला टांगला होता आणि ते काचेतून वाचून पाटीवर लिहीत होते. चोवीस. पाच मिनिटांनी चोवीस. सातव्या मिनिटाला साडेचोवीस. मी नुसती उभी होते. नवव्या मिनिटाला पंचवीस, आणि लगेच सव्वापंचवीस. हे वेगळं होतं. शनिवारी पंचविसावर थांबला होता, आज चढत होता.

मी बंपरपाशी गुडघ्यांवर बसले आणि पुढच्या जाळीतून आत डोकावले. डाव्या बाजूची स्पंजाची पट्टी गळून खाली पडली होती. उन्हानं डिंक वितळला होता. त्या फटीतून मागची गरम हवा भसाभस पुढे येत होती. मला ती गालाला लागली.

"पावणेसव्वीस," मेहेंदळे म्हणाले. मग खाली वाकून, खरोखर कळवळून, "मॅडम, अजून उघडा. मी काही म्हणणार नाही."

लोक जवळ सरकले होते. गर्दीत मला हिंदुराव वस्ताद दिसले. हातात रसाचा ग्लास, चेहऱ्यावर काही नाही.

फट बुजवायला काहीतरी हवं होतं. जाड, दबणारं, आत्ता. माझ्या हातावर शाल होती. मी शालीकडे बघितलं आणि मग काचेतून बिपिनकडे. त्याच्या कपाळावर घाम यायला लागला होता. तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, मुठी एकमेकींना लावल्या आणि टर्रकन फाडल्यासारख्या बाजूला ओढल्या.

माझ्या खिशात पत्रा कापायची कात्री होती. शाल चांगली होती, जरीकाठाची. तिला पहिला काप गेला तेव्हा मागून कुणीतरी "अहो बाई!" म्हणून ओरडलं. स्पीकर बंद पडला. मी हातभर पट्ट्या कापल्या, पिळल्या आणि पुढच्या जाळीतून स्क्रू-ड्रायव्हरनं त्या फटीत ठासल्या. एक, दोन, तीन. जरीचा काठ बाहेर लोंबत होता, तोही आत कोंबला. चौथी पट्टी उजव्या बाजूला, कारण तिथलीही सुटायला आली होती.

"चाचणी चालू असताना हात लावता येत नाही," मेहेंदळ्यांच्या मागचा एक कार्यकर्ता म्हणाला. त्यानंच शाल घातली होती.

मी उठले. गुडघे सोलले होते. "बॉनेट उघडलेलं नाही," मी म्हटलं. "पत्रात आणखी काही लिहिलेलं असलं तर दाखवा."

मेहेंदळ्यांनी पत्र काढलं. दोनदा वाचलं. मग पाटीकडे वळले. "सव्वासव्वीस," ते म्हणाले. "चौदावं मिनिट."

सोळाव्या मिनिटाला साडेसव्वीस. सतराव्याला साडेसव्वीस. अठराव्याला ते बराच वेळ काचेला डोळा लावून उभे राहिले. "सव्वीस," ते म्हणाले. एकोणिसाव्यालाही सव्वीस. विसाव्याला त्यांनी शिट्टी वाजवली, पाटीवर सही केली आणि कोरड्या आवाजात वेळ घेणाऱ्यांना सांगितलं, "क्रमांक सात. घड्याळ लावा."

गर्दी ओरडली. वस्तादांनी ग्लास गुऱ्हाळवाल्याकडे परत दिला आणि पाठ फिरवून चालू लागले. पुढची चार वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत आणि एकही गाडी पाठवली नाही. मी कुठूनकुठून कामं मिळवत राहिले. पाचव्या वर्षी एकदा त्यांच्या गॅरेजावरून जात होते, तर आत एका गाडीचं बॉनेट बंद होतं आणि गेजचे पाइप वायपरच्या बाजूनं बाहेर आले होते. खाली ट्यूबचे तुकडे. वस्तादांनी मला बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं. मला तेवढं पुरलं.

बिपिन तीन फेऱ्या पळाला. त्या मला नीट आठवत नाहीत; मी बहुतेक वेळ डोळे मिटून आवाजावरच होते. गाडी परत येऊन थांबली तेव्हा त्याचा चेहरा लाल होता, पण डोळे ताजे होते. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि आधी थर्मामीटर बघितला, मग त्याच्याकडे.

स्पीकर पुन्हा चालू झाला होता. सगळ्यांच्या वेळा वाचल्या जात होत्या. अकरा गाड्या होत्या. पहिला, दुसरा, पाचवा, सातवा. "नववा क्रमांक, बिपिन शिंत्रे. पण मित्रहो, त्यांची जिद्द—"

बिपिननं हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. स्पीकरवाला गप्प बसेपर्यंत.

"नववा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला पट्टा धरून सरळ बसावं लागलं. "अकरातला नववा! हरलो की ओ ताई! चांगला दणकून हरलो!"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"सहा वर्षांत कुणी मला हरूच दिलं नाही हो." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तिसऱ्या वळणावर ब्रेक लवकर मारला मी. तिथंच गेलं. नाहीतर सातवा होतो."

समोरून मेहेंदळे येत होते. त्यांच्यामागे कार्यकर्ते, एकाच्या हातात भला मोठा चषक, त्यावर लाल रिबीन, आणि दुसऱ्याच्या हातात, कुठून पैदा केली कोण जाणे, नवी कोरी शाल. मेहेंदळे खिडकीशी वाकले.

"शिंत्रे, समितीनं एक विशेष पुरस्कार—"

बिपिननं बटण दाबलं. काच वर गेली. आत पंचवीस अंश होते.